बाजूला काढलेल्या पैशाचा हिशेब



मोबाईलवर पैसे लावून पोकर किंवा रमी खेळणारा आपला तरुण जुगार हलाल आहे असे क्वचितच म्हणतो. त्याचे म्हणणे निराळे असते. ‘मी जुगाऱ्यासारखा खेळत नाही. घरखर्च दिल्यावर पाच हजार रुपये वेगळे काढतो. एका टेबलावर त्यातले अडीचशेहून अधिक कधी लावत नाही. हरू लागलो की रागाच्या भरात खेळत बसत नाही, मोबाईल ठेवून देतो. आणि हा नशिबाचा खेळ नाही, डोक्याचा आहे.’ भिवंडीत शांतीनगरपासून निजामपुऱ्यापर्यंत, यंत्रमागावर कांड्या भरणाऱ्या मुलापासून मानकोलीच्या गोदामात संगणकावर माल नोंदवणाऱ्या पदवीधरापर्यंत अनेकांच्या तोंडी हा युक्तिवाद आहे. त्यांना दरडावून गप्प करणे सोपे आहे. पण दरडावल्याने जुगार सुटत नाही, फक्त मोबाईलचा पडदा आपल्यापासून दुसरीकडे वळतो. म्हणून त्यांचे एकेक म्हणणे गांभीर्याने तपासू.

प्रथम ‘डोक्याचा खेळ’ हे म्हणणे. आपल्या देशातील न्यायालयांत कौशल्य आणि नशीब यांचा वाद दीर्घकाळ चालला. रमीला सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या दशकातच मुख्यतः कौशल्याचा खेळ मानले होते, आणि त्या आधारावर पुढे मोबाईलवरील कंपन्यांचा मोठा बाजार उभा राहिला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगविषयीचा कायदा संमत केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली. पैसे लावून खेळायचा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो चालवण्यास या कायद्याने मनाई केली. मोठ्या कंपन्यांनी पैशांची टेबले लगेच बंद केली. ज्यांना खेळायचेच होते ते परदेशातून चालणाऱ्या अॅपकडे आणि टेलिग्रामवरील गटांकडे वळले. तेथे हरलेल्या माणसाला दाद मागायलाही जागा नाही. कायद्याने खेळणाऱ्याला शिक्षा सांगितलेली नाही, हे खरे. पण शिक्षा नसणे म्हणजे परवानगी नव्हे, आणि श्रद्धावंताचा हिशेब संसदेपाशी संपतही नाही.

शरीअतने हा कौशल्याचा प्रश्न फार पूर्वीच निकालात काढला आहे. घोडदौड हे निखळ कौशल्य. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात घोड्यांच्या शर्यती होत, आणि तीर, उंट व घोडा यांच्या स्पर्धेत बक्षीस ठेवण्याची अनुमती हदीसमध्ये आलेली आहे. तरीही दोन्ही स्वारांनी आपापले पैसे पणाला लावावेत आणि जिंकणाऱ्याने सगळे उचलावेत, अशी शर्यत फुकहांनी ‘किमार’, म्हणजे जुगार ठरवली. बक्षीस तिसऱ्याने दिले किंवा एकाच पक्षाने ठेवले तर गोष्ट वेगळी. भिवंडीत कोकणी घराणी शाफई आहेत, उत्तरेकडून आलेली बहुतेक हनफी. पुष्कळ मसाइलमध्ये आपल्यात फरक आहे, या मुद्द्यावर नाही. घोडेस्वाराचे कौशल्य जर दुहेरी पणाला हलाल करू शकले नाही, तर पत्त्यांच्या खेळातील कौशल्य ते कसे करील?

येथे एक गोष्ट तरुणांनी अवश्य जाणून घ्यावी. जाहिलियतच्या काळातील अरबांचा ‘मैसिर’ हा आपण समजतो तसा केवळ हावरटपणा नव्हता. उंट कापून त्याचे वाटे करीत. दहा तीर असत, त्यांपैकी सात तीरांना एकपासून सातपर्यंत हिस्से नेमलेले आणि तीन कोरे. ज्याचा तीर कोरा निघे त्याच्यावर उंटाची किंमत चढे. मुफस्सिरांनी लिहिले आहे की जिंकणारे ते मांस स्वतः खात नसत, गरिबांना वाटून टाकीत, आणि दुष्काळाच्या हिवाळ्यात असा डाव मांडणाऱ्याला उदार समजत. सूरह बकराच्या २१९ व्या आयतीत दारू आणि जुगार यांत लोकांसाठी काही लाभही आहेत, पण त्यांचे पाप लाभाहून मोठे आहे, असे जे सांगितले आहे, त्याची पार्श्वभूमी ही आहे. ज्या जुगारातून उपाशी माणसाच्या तोंडी घास जात होता, तोसुद्धा अल्लाह तआलाने राहू दिला नाही. आपल्या अॅपवरच्या टेबलातून कोणत्या उपाशी माणसाला काय मिळते?

आता त्या पाच हजारांकडे येऊ. पोकर शिकवणारे याला ‘बँकरोल’ सांभाळणे म्हणतात. जेवढे बुडाले तरी घर बुडणार नाही तेवढेच वेगळे काढावे, आणि एका वेळी त्याचा लहानसा अंशच लावावा. शिस्त म्हणून हा सल्ला निर्बुद्ध नाही. तो पाळणारा न पाळणाऱ्यापेक्षा हळूहळू हरतो. पण हरतो का, ते पाहा. समजा, सहा जण प्रत्येकी हजार रुपये घेऊन बसले. प्रत्येक डावातून टेबल चालवणारा आपला हिस्सा कापून घेतो. रात्र सरताना सहा जणांकडे मिळून सहा हजार उरलेले नसतात, कोणी कितीही हुशार असो. एखाददुसरा पुढे असेल, तर तो इतरांच्या खिशातून पुढे असतो आणि टेबलवाला सर्वांच्या.

परंतु माझा मूळ आक्षेप या गणितावर नाही. ‘बुडाला तरी चालेल असा पैसा’ मुसलमानाच्या घरात कोठून आला? सूरह निसाच्या पाचव्या आयतीत संपत्तीला माणसाच्या उभे राहण्याचा आधार म्हटले आहे, आणि म्हणूनच तो आधार नासमजांच्या हाती देऊ नये असे बजावले आहे. आईवडिलांचे औषध, मुलांची फी, बायकोचा हक्क, घेतलेली उधारी, निसाब पूर्ण असेल तर जकात, हे सगळे भागल्यावर जे उरते त्यातही बहिणीचा, शेजाऱ्याचा, येणाऱ्या आजारपणाचा वाटा असतो. मागावरचा कामगार मीटरवर मजुरी घेतो. बारा तासांच्या पाळीत किती वेळा धागा तुटतो आणि किती वेळा माग थांबवून गाठ मारावी लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला अडीचशे रुपये म्हणजे किती कापड ते सांगावे लागत नाही. ज्यांचे पोषण आपल्यावर आहे त्यांची आबाळ करणे एवढेच पाप माणसाला पुरेसे आहे, असे प्रेषितांनी (स.) फरमावले आहे. आणि कयामतच्या दिवशी संपत्तीविषयी दोन प्रश्न असतील, कोठून मिळवली आणि कोठे खर्च केली. ‘वेगळी काढून ठेवली होती’ हे यांपैकी कोणत्याच प्रश्नाचे उत्तर होत नाही.

राहिला संयम. हा भाग सर्वांत नाजूक आहे, कारण येथे जुगार चक्क आपल्या दीनची भाषा बोलू लागतो. खेळणाऱ्यांच्या बोलीत ‘टिल्ट’ असा शब्द आहे. एक मोठा डाव अन्यायाने गेला असे वाटले की माणसाचा तोल जातो, गेलेले एका फटक्यात परत आणण्यासाठी तो वाटेल ते लावत सुटतो. शिकवणारे सांगतात, राग आला तर उठा, श्वास घ्या, दुसऱ्या दिवशी बसा. आपल्याला तर हे चौदा शतकांपूर्वीच शिकवले गेले आहे. खरा बलवान कुस्ती जिंकणारा नसून रागाच्या क्षणी स्वतःला आवरणारा, ही हदीस लहान मुलांनाही पाठ असते. उभ्या माणसाला राग आला तर त्याने बसावे, तरीही न गेला तर आडवे व्हावे, हेही आपण ऐकलेले आहे. मग तरुण विचारतो, ‘मौलाना, मी तर सब्रच शिकतो आहे. यात वाईट ते काय?’

वाईट काय, ते टेबलाच्या पलीकडे बघितल्यावर दिसते. या खेळात शांत राहणाऱ्याचा नफा येतो कोठून? ज्याचा तोल गेला त्याच्याकडून. शिकवणारेच सांगतात की कोण चिडला आहे, कोण गेलेल्या पैशामागे धावतो आहे, ते ओळखा आणि त्याच्यासमोर डाव मांडा. तो कोण असतो? आपल्यासारखाच रात्रपाळी संपवून आलेला, मालकाची बोलणी खाल्लेला, घरी खोटे सांगितलेला कोणी भाऊ. बाजारात ग्रे कापड विकणारा आणि घेणारा दोघेही काहीतरी घेऊन उठतात, एकाला पैसा मिळतो, दुसऱ्याला माल. येथे एकाच्या हाती दुसऱ्याचा राग येतो, आणि त्या रागाचे पैसे होतात. राग आवरण्याची शिकवण माणसाला यासाठी दिली की त्याच्या हातून दुसऱ्याला इजा होऊ नये. तीच शिकवण दुसऱ्याची शिकार करण्याचे हत्यार बनवली, तर तिला सब्र म्हणता येईल का? सूरह माइदाच्या ९१ व्या आयतीत सैतानाचा हेतू स्पष्ट केला आहे. दारू आणि जुगारातून तुमच्यात वैर आणि द्वेष पेरणे, आणि तुम्हाला अल्लाहच्या स्मरणापासून व नमाजपासून रोखणे. द्वेषाचा उल्लेख आहे, केवळ नुकसानीचा नाही. म्हणजे जिंकणाऱ्यालाही ही आयत सोडत नाही.

नमाजचे तर विचारूच नका. इशाची जमात होते तेव्हा टेबले भरू लागतात आणि फज्रच्या अजानपर्यंत चालतात.

आपल्या कापडाच्या धंद्याशी जुगाराचे नाते तसे जुने आहे. मुंबईचा मटका मुळात न्यूयॉर्कहून येणाऱ्या कापसाच्या उघडत्या आणि बंद होत्या भावांवर लावला जाई. १९६० च्या दशकात भाव येणे थांबले तेव्हा चिठ्ठ्या आणि पत्ते काढून आकडे ठरवू लागले, आणि गिरणगावातील पगार त्यात मुरले. त्या वेळी निदान आकडा लावायला घराबाहेर पडावे लागे. गल्लीतले वडीलधारे पाहत, कोणी तरी घरी सांगे. आजचा अड्डा उशाखाली असतो, बाजूला झोपलेल्या बायकोलाही कळत नाही. म्हणून हा लेख घरातील सर्वांनी वाचावा असे मला वाटते.

मित्राला अॅपचा दुवा पाठवला की आपल्या खात्यात काही रुपये जमा होतात, म्हणून अनेक जण दुवे पाठवतात आणि स्वतः खेळत नसल्याचे समाधान मानतात. त्यांनी बुखारी व मुस्लिममधील हजरत अबू हुरैरा (रजि.) यांची हदीस लक्षात घ्यावी. जो आपल्या साथीदाराला नुसते ‘ये, जुगार खेळू’ म्हणेल, त्याने सदका द्यावा. डाव मांडला नाही, पैसा हलला नाही, केवळ बोलावणे झाले आणि त्याचे प्रायश्चित्त सांगितले गेले.

ज्याला सोडायचे आहे त्याने पैसे भरून काढण्यासाठी शेवटचा एक डाव खेळू नये. गेलेले गेले. अॅप आणि गट काढून टाकावेत, पैसे पाठवण्याची सोय काही महिने बायकोच्या किंवा वडिलांच्या हाती द्यावी. जिंकलेली रक्कम ज्याची आहे तो माहीत असेल तर त्याला परत करावी, नसेल तर सवाबची अपेक्षा न ठेवता गरिबांना द्यावी. त्या पैशातून मशिदीला पंखा देऊ नये. झोप उडाली असेल, जीव नकोसा वाटत असेल, तर सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. वैद्याकडे जाणे तवक्कुलच्या विरुद्ध नाही.

घरच्यांना एवढेच सांगेन की त्याने कबुली दिली त्या रात्री त्याला शिव्याशाप देऊ नका. दारू प्यायलेल्या एकाला शिक्षा झाल्यावर कोणी ‘अल्लाह तुला अपमानित करो’ असे म्हणाले, तेव्हा प्रेषितांनी (स.) आपल्या भावाविरुद्ध सैतानाला मदत करू नका असे सांगून त्याला रोखले. शांतपणे कागद घ्या आणि कोणाकोणाचे किती देणे आहे ते लिहा, कर्ज देणाऱ्या अॅपचेसुद्धा. कर्जात बुडालेला माणूस बोलतो ते खोटे बोलतो आणि वचन देतो ते मोडतो, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. त्यामुळे पहिल्या यादीत दोन-तीन नावे सुटलेली असतील, ती दुसऱ्या दिवशी विचारा.

एका जनाजाची नमाज प्रेषितांनी (स.) स्वतः पढवली नाही, कारण मय्यतवर तीन दीनारांचे कर्ज होते आणि मागे काही ठेवलेले नव्हते. साथीदारांना त्यांनी नमाज पढवण्यास सांगितले. तेव्हा हजरत अबू कतादा (रजि.) पुढे झाले, ते कर्ज त्यांनी स्वतःवर घेतले आणि मग नमाज झाली. आपल्या मोहल्ल्यांतील बैतुलमालच्या जबाबदारांनी यंदाच्या रमजानपूर्वी या हदीसवर एकत्र बसावे. जुगार सोडून कमावू लागलेल्या तरुणाला व्याजाच्या फासातून सोडवण्यासाठी कर्जे हसना कोणत्या अटींवर आणि कोणाच्या जामिनावर द्यायचे, ते त्यांनी ठरवावे. रक्कम त्याच्या हाती न देता थेट देणेकऱ्याला पोचवावी.