मूल कशासाठी?

‘मूल हवे’ असे आपण म्हणतो, तेव्हा नेमके काय हवे असते? अंबाबाईला नवस बोलणाऱ्या सुनेला पुष्कळदा सासरचे टोमणे थांबायला हवे असतात. आजचे जोडपे पगार, खोल्या, कर्जाचे हप्ते मोजून ‘आता हरकत नाही’ म्हणते. तोही नवसच, फक्त हिशेबी!

१८८४ साली कोल्हापूरच्या गादीला वारस हवा होता. राणी आनंदीबाईंनी कागलच्या घाटग्यांचा नऊ वर्षांचा यशवंतराव दत्तक घेतला. वारस मिळाला, पण १९०२ मध्ये याच शाहू महाराजांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्यांसाठी राखल्या. हे कोणी मागितले होते?

मला म्हातारपणची काठी हवी होती, हे कबूल करतो. मुलगी दूरगावी असते. दिवाळीला आली, की फराळाच्या ताटावरच माझ्याशी वाद घालते.