ऐकणाऱ्याच्या वेगानं

समोर दोन संगणक ठेवा. एक आजचा; तो तुमच्या रोजच्या ओळखीचा आहे. दुसरा सिंक्लेअर कंपनीचा झेडएक्स स्पेक्ट्रम, एप्रिल १९८२ मध्ये इंग्लंडमध्ये बाजारात आणलेला, रबरी बटणांचा. पुढे डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सनं परवाना घेऊन त्याची पुढची आवृत्ती भारतात ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ या नावानं काढली, त्यामुळे आपल्याकडच्या एखाद्या माळ्यावरही असा संगणक अजून निघू शकतो. आजच्या संगणकावरची एक फाईल या जुन्याला द्यायची आहे. हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवा आणि आरामात बसा.

दोघांना जोडायचं कसं? जुन्याला यूएसबी माहीत नाही, वायफाय माहीत नाही. पण त्याच्या मागे ‘इअर’ असं लिहिलेलं हेडफोनच्या मापाचं भोक आहे, कॅसेट प्लेअर लावण्यासाठी ठेवलेलं. दोन्ही टोकांना हेडफोनची पिन असलेली वायर घ्या. एक टोक नव्याच्या हेडफोनच्या जागी, दुसरं जुन्याच्या मागे. फाईल जाणार ती आवाज होऊन जाणार. तिचं आवाजात रूपांतर करणारे छोटे प्रोग्राम मिळतात. त्यातून डब्ल्यूएव्ही फाईल घ्या. एमपी३ नको. माणसाच्या कानाला जे जाणवत नाही ते एमपी३ काढून टाकते, आणि इथे ऐकणारा माणूस नाही.

आता नव्याची तयारी. ही तयारी म्हणजे त्याच्याकडून एकेक गोष्ट काढून घेणं आहे. आवाज ‘सुधारणारी’ सगळी सोय बंद करा: जास्तीचा बेस, सराउंड, सगळं. नोटिफिकेशन बंद करा, कारण मध्येच आलेल्या मेलची टिंग त्याच वायरीतून जाईल आणि जुना ती फाईलचाच भाग समजेल. आवाज मोठा ठेवा, बहुधा पूर्णाच्या जवळ. मग थांबा. क्षणभर बघा, किती गोष्टी बंद कराव्या लागल्या. ताकद सगळी देणाऱ्याकडे आहे, पण अटी घेणाऱ्याच्या चालतात.

जुन्याच्या कीबोर्डवर ‘जे’चं बटण दाबा. अक्षर उमटत नाही, ‘लोड’ हा अख्खा शब्द उमटतो. पुढे अवतरणचिन्ह दोनदा, मध्ये काही न लिहिता. म्हणजे जे पहिलं येईल ते घे. एंटर. आणि नव्यावर फाईल वाजवायला लागा.

आधी येतो एक सलग सूर, साधारण ८०० हर्ट्झचा, पाच सेकंद. स्पीकरवर ऐकलात तर कर्कश वाटेल. गाणं सुरू होण्याआधी तंबोरा लागावा तसा तो आहे: सांगत काहीच नाही, ऐकणाऱ्याला जागेवर आणतो. जुना लगेच विश्वास ठेवत नाही. सुराच्या २५६ जोड्या नीट मोजून झाल्यावरच तो मानतो की हा योगायोगाचा आवाज नव्हे, कुणीतरी खरंच बोलतंय. पडद्याच्या कडेला लाल आणि आकाशी पट्टे सरकत असतील. तिकडे लक्ष असू द्या.

मग दोन आखूड ठोके, आणि पट्टे बारीक होतात, निळे-पिवळे. आता खरी माहिती येते आहे. जुना नेमकं काय ऐकतो? सूर नाही, पट्टी नाही. सिग्नल वर गेला की खाली, एवढंच. आणि दोन बदलांमध्ये किती वेळ गेला. थोडा वेळ म्हणजे शून्य. बरोबर दुप्पट म्हणजे एक. हा वेळ मोजायला त्याच्याकडे वेगळं घड्याळही नाही. त्याचा प्रोसेसर एका छोट्या फेऱ्यात फिरत राहतो आणि बदल येईपर्यंत किती फेऱ्या झाल्या ते मोजतो. कडेचे पट्टेही तोच रंगवतो, प्रत्येक बदलाला एकदा. म्हणजे तुम्हाला दिसतंय ते त्याचं ऐकणंच आहे, ऐकल्याक्षणी.

इथे जरा रेंगाळा. एरवी हा संगणक सेकंदाला पन्नास वेळा हातातलं काम थांबवतो, कीबोर्ड पाहतो, आपल्या आतल्या मोजणीत एकाची भर घालतो. ऐकायला बसताना तो हे सगळं बंद करतो. काम सोडून द्यायचं असेल तर तेवढं एक बटण तो पाहत राहतो. बाकी कशाकडे लक्ष नाही. जेवढा वेळ तो ऐकतो, तेवढा वेळ त्याच्या स्वतःच्या मोजणीत धरलाच जात नाही.

चित्र आलं तर तेही निवांत पाहा. ६,९१२ बाइट. पडद्याचे तीन भाग, वरचा आधी, आणि प्रत्येक भागात दर आठवी ओळ, मग तिच्या खालची, मग तिच्या खालची. आधी नुसत्या रेषा भरतात, रंग अगदी शेवटी येतात. काय चित्र आहे याचा अंदाज बांधायचा मोह होईल. बांधा, बहुधा चुकेल. आणि एक गंमत: शून्याला एकाच्या निम्मा वेळ लागतो, त्यामुळे कोरी जागा भरलेल्या जागेपेक्षा लवकर पोचते.

४८ किलोबाइटचा खेळ यायला चार-पाच मिनिटं जातात. फोनमधला एक साधा फोटो याच्या सबंध स्मृतीच्या कितीतरी पट मोठा असतो. मेमरी कार्ड लावून हेच काम चुटकीसरशी करणारी उपकरणं आता मिळतात, आणि खेळच खेळायचा असेल तर ती घ्यावीत. उगीच तपश्चर्येचं कौतुक मला नाही. फक्त मग बसून ऐकण्यासारखं काही उरत नाही.

मध्ये चुकलं तर? ही वायर एकाच दिशेनं चालते. ‘पुन्हा सांग’ म्हणायची सोय जुन्याकडे नाही, आणि पोचलं की नाही हे नव्याला कधीच कळत नाही. जुना येणारा प्रत्येक बाइट आधीच्या हिशेबात मिसळत नेतो. सगळं जुळलं तर शेवटी उत्तर शून्य येतं. नाही आलं, तर पडद्यावर ‘टेप लोडिंग एरर’. आवाज किंचित कमी-जास्त करा आणि पहिल्यापासून वाजवा.

जमलं, की दिशा उलटवा. जुन्यावर दोन ओळींचा प्रोग्राम लिहा, ‘सेव्ह’ म्हणा, वायर ‘माइक’च्या भोकात लावा आणि दुसरं टोक नव्याच्या मायक्रोफोनच्या जागी. जुना म्हणेल: टेप सुरू करा, मग कोणतंही बटण दाबा. नव्यावर रेकॉर्डिंग लावा. आता नव्याचं ऐकणं पाहा. सेकंदाला ४४,१०० नोंदी तो घेतो, वायरीतली खरखरही तितक्याच इमानानं उतरवतो, आणि यातलं काय कामाचं हे त्याला ठाऊक नसतं. अर्थ लावायचं काम नंतर, दुसऱ्या कुठल्या तरी प्रोग्रामचं. रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही त्याच्यावरच मेल वाचत बसलात तरी त्याचं काही बिघडत नाही.