कोंबडा की कोंबडी?

दरवर्षी १३-१४ मेच्या सुमारास पुण्यात दुपारी साडेबाराला एक गंमत घडते. सरळ उभ्या केलेल्या काठीची सावली नाहीशी होते. सूर्य नेमका डोक्यावर आलेला असतो. कोल्हापुरात हे आठवडाभर आधीच होऊन गेलेले असते, मुंबईत एक-दोन दिवसांनी होते आणि नागपूरची पाळी २६ मेच्या आसपास येते. सूर्य उत्तरेकडे सरकत जातो आणि एकेक गाव त्याच्या बरोबर खाली येत जाते. दिल्ली कर्कवृत्ताच्या वर असल्याने तिथल्या मुलांना हे कधीच दिसत नाही. महाराष्ट्रातल्या मुलांना वर्षातून दोनदा दिसू शकते. पण दुसऱ्या वेळी आभाळ पावसाळी असते, म्हणून खरा दिवस मे महिन्यातलाच. शाळेला सुट्टी, साहित्य म्हणजे स्वयंपाकघरातला एक पेला. आणि नेमक्या त्या वेळी बहुतेक घरांत पडदे ओढलेले असतात.

पडदे ओढणाऱ्यांचे फारसे चुकत नाही म्हणा. विदर्भातल्या मे महिन्याला कोणी रोमँटिक म्हणणार नाही, आणि ऊन लागलेले मूल घरात झोपून असते तेव्हा निसर्गप्रेमाची भाषा कोणाला सुचत नाही. अकरा ते चार मुलांनी सावलीतच असावे. (पेल्याची पाच मिनिटे टोपी घालून, पाणी पिऊन, सूर्याकडे न बघता.) पण या सावधगिरीतून घरोघर एक चुकीची समजूत पक्की झाली आहे: उन्हाळ्यात बाहेर बघण्यासारखे काही नसते. मग सुट्टी भरून काढायला शिबिरे येतात आणि शिबिरांनी थकलेल्या मुलांच्या हाती मोबाइल येतो.

वस्तुस्थिती उलटी आहे. आपल्याकडच्या झाडांचा सर्वांत गजबजलेला काळ हाच. पळस आणि काटेसावर पाने झडल्यावर फुलून जातात न जातात तोच बहावा पिवळा होतो. राज्यफुलाचा मान असलेला ताम्हण एप्रिल-मेमध्ये जांभळा होतो. रस्त्याकडेला तो इतका असतो, की त्याच्याखाली रोज रिक्षा लावणाऱ्यालाही त्याचे नाव माहीत नसते. करवंदे, रातांबे, फणस, शेवटी जांभळे. जांभळाचे बी फार दिवस टिकत नाही, वाळले की मरते. त्यामुळे फळ पावसाच्या तोंडावर पिकणे झाडाच्या सोयीचे. बी पडते ते ओल्या मातीत. जांभूळ खाऊन लांब बी थुंकण्याची पैज लावणारे पोर नकळत झाडाचेच काम करत असते.

हे मुलाला सांगायचे कसे? पक्षितज्ज्ञ सालीम अलींची गोष्ट इथे उपयोगाची आहे. १९०८च्या सुमारास, दहा-बारा वर्षांच्या सालीमने एअरगनने एक चिमणी पाडली. गळ्यावर पिवळा ठिपका असलेली ही चिमणी नेहमीची वाटेना. मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी चिठ्ठी देऊन त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत धाडले. तिथले मानद सचिव मिलार्ड यांनी चिमणी ओळखली आणि त्याला पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह दाखवला. १९८५ साली आलेल्या सालीम अलींच्या आत्मचरित्राच्या नावातही ती चिमणी आहे. मामांना स्वतःला उत्तर ठाऊक असण्याची गरज पडली नाही, हे यातले विशेष. मुलाचा प्रश्न योग्य दारापर्यंत पोचवला, एवढेच त्यांनी केले. आजचे पालक बरोबर याच जागी अडतात. पक्ष्याचे नाव सांगता येणार नाही, या संकोचाने ते पक्ष्याकडे बोटच दाखवत नाहीत.

मुलांना बाहेर सोडायला घरातल्या आज्जीला पटवायचे असेल तर डोळ्यांचा दाखला द्यावा. चीनमधल्या ग्वांगझूतल्या बारा प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. निम्म्या शाळांतल्या पहिलीच्या मुलांना रोज चाळीस मिनिटे जास्तीची बाहेर काढली. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टीचे प्रमाण ३०.४ टक्के होते, इतर मुलांत ३९.५. घरातल्या दिव्यांपेक्षा झाडाच्या सावलीतला उजेडही कितीतरी पट जास्त असतो, म्हणजे उन्हात तळण्याची गरज नाही. बाहेर जाणे औषधाच्या गोळीसारखे मोजून द्यावे लागावे, हे मात्र काही फार सुखाचे नाही.

उन्हाळ्याच्या दिवसाला दोन टोके असतात आणि दोन्ही मुलांची. पहाटे तांबट पक्ष्याची टुक-टुक सुरू होते. रात्री गच्चीवर आडवे झाले, की उत्तरेला सप्तर्षी. त्यांच्या शेपटाची कमान पुढे ओढली की स्वाती, आणखी पुढे चित्रा. त्यासाठी कोणी पैसे मागत नाही. जिथे मागतात तिथे काय होते, ते मेअखेरीस भंडारदऱ्याच्या परिसरात दिसते. काजव्याची अळी मातीत गोगलगायी खात वाढते. पंख फुटल्यावर त्याला जेमतेम काही आठवडे मिळतात आणि त्याचे लुकलुकणे म्हणजे जोडीदाराला दिलेली हाक. ती ऐकायला गाड्यांची रांग जाते, हेडलाइट लावून. मुलाला मग काजवे दिसतात कमी आणि पुढच्या गाडीचा मागचा दिवाच जास्त.

मामाच्या गावाच्या आठवणी काढणाऱ्या लेखांत एक गोष्ट बहुधा राहून जाते. ज्यांना मामाचे गाव होते, त्यांच्याच आठवणी छापून येतात. घाटाच्या वळणावर पानांच्या द्रोणात करवंदे घेऊन उभी असलेली मुलेही सुट्टीतच असतात. कुठली जाळी आधी पिकते, काटे चुकवून हात कसा घालायचा, चीक बोटांवरून कसा काढायचा, हे ज्ञान त्यांच्याकडे आहे. शिबिराची फी भरून आलेल्यांकडे ते नाही. दोघांची भेट होते ती गाडीच्या खिडकीतून, द्रोणाचा भाव ठरेपर्यंत. काच खाली केलेली असेल आणि मोठी माणसे सुट्टे पैसे शोधण्यात गुंतलेली असतील, तर कधी कधी बाहेरचे पोर आतल्याच्या तळहातावर एक करवंद ठेवते आणि विचारते, "कोंबडा की कोंबडी?" फोडल्यावर आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढरट निघाले तर कोंबडी. आतल्या मुलाला आधी सांगायचे असते, मग चावायचे असते.