वेदीवरचे दान कोणाच्या घामाचे?

फातिमाच्या यात्रेला निघालेले आपले भाविक बहुधा पोर्तुगालच्या लिस्बन शहरात उतरतात. तेथे नदीकाठी जेरोनिमोस मठ आहे. पुष्कळ यात्रेकरूंना तो आवर्जून दाखवला जातो. ज्या भागात तो आहे त्याचे नाव बेलेम, म्हणजेच बेथलेहेम. नाव गोठ्यात जन्मलेल्या बाळाच्या गावाचे, आणि डोळ्यांसमोर दगडात कोरलेले केवढे वैभव!

मठाच्या चौकाभोवती दुमजली ओवऱ्या आहेत. त्यांच्या कमानींवर आणि खांबांवर जहाजाचे दोर, पाने, फुले, प्राणी आणि क्रूस कोरलेले आहेत. चर्चमधले उंच, सडपातळ खांब वर जाऊन ताडाच्या झावळ्यांसारखे फाकतात आणि छत तोलून धरतात. पश्चिमेच्या दरवाजावर राजा मॅन्युएल आणि राणी मारिया गुडघे टेकून प्रार्थना करताना दिसतात, वरच्या बाजूला येशूजन्माचे देखावे आहेत. १७५५ च्या भूकंपात लिस्बनचा मोठा भाग कोसळला, हा मठ मात्र टिकला. १९८३ साली त्याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. आजही तेथे मिस्सा होते.

पण हे सारे कोणत्या पैशातून उभे राहिले? सोळाव्या शतकाच्या आरंभी काम सुरू झाले आणि ते सुमारे शंभर वर्षे चालले. आफ्रिका आणि पूर्वेकडील देशांशी होणाऱ्या व्यापारावर राजाने पाच टक्के कर बसवला होता. त्याचा मोठा वाटा या बांधकामाला गेला. पूर्वेकडून मसाले येत. आफ्रिकेतून सोने येई आणि विकली जाणारी माणसेही येत. चर्चमध्ये शिरताच वास्को द गामाची कबर लागते. १४९८ साली कालिकतला पोहोचलेला हाच तो दर्यावर्दी. १५०२ साली त्याने मक्केहून परतणाऱ्या यात्रेकरूंचे जहाज पेटवून दिले होते. त्यात स्त्रिया आणि मुलेही होती.

मुख्य वेदीपाशी राजा मॅन्युएल आणि त्याचा मुलगा तिसरा जॉन यांच्या शवपेट्या संगमरवरी हत्तींच्या पाठीवर ठेवलेल्या आहेत. याच तिसऱ्या जॉनच्या कारकिर्दीत, १५३४ साली, आपली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. आपल्या पूर्वजांपर्यंत ख्रिस्ताची सुवार्ता याच जहाजांच्या वाटेने आली. तेव्हा या गोष्टीत आपण परके नाही. प्रश्न आपल्यालाही विचारावा लागतो : अशा पैशातून घडवलेले सौंदर्य देवाला पोहोचते का?

काहीजण म्हणतील, देवळावर एवढा खर्चच कशाला? बाराव्या शतकात संत बर्नार्ड यांनी, गोरगरीब उपाशी असताना मठ सजवणाऱ्यांची चांगलीच कानउघाडणी केली होती. पण शुभवर्तमानात बेथानीची ती स्त्री आठवा. तिने महागडे सुगंधी तेल येशूच्या अंगावर ओतले. हे विकून गरिबांना देता आले असते, अशी कुरकुर झाली, तरी प्रभूने तिचे अर्पण प्रेमाने स्वीकारले. म्हणजे दान महाग असणे हा दोष नव्हे. त्या स्त्रीने स्वतःचे दिले. मंदिराच्या दानपेटीत दोन नाणी टाकणाऱ्या विधवेनेही स्वतःचेच दिले. राजाच्या दानात मात्र त्याचे स्वतःचे किती, आणि बाजारात विकल्या गेलेल्या माणसांचे किती?

या मठात संत जेरोमच्या संघाचे मठवासी राहत. राजासाठी प्रार्थना करणे आणि समुद्रावर जाणाऱ्या खलाशांना आध्यात्मिक आधार देणे हे त्यांचे काम होते. ओवरीच्या भिंतीत आजही बारा दरवाजे दिसतात. त्यांतून धर्मगुरू पापनिवेदन ऐकायला आत बसत, खलाशी पलीकडे चर्चमध्ये गुडघे टेकत. काय काय ऐकले असेल त्या दगडांनी! पण पाप सांगून मोकळे होणे आणि लुबाडलेले परत करणे या दोन गोष्टी आहेत. जक्कयाने प्रभूला नुसती मेजवानी दिली नाही. ज्याचे लुबाडले असेल त्याला चौपट परत करीन, असे तो उभा राहून बोलला. तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल, तर अर्पण वेदीपुढे ठेव आणि आधी त्याच्याशी समेट कर, असे डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सांगितले. म्हणजे वेदीकडे जाणारी वाट भावाच्या दारावरून जाते.

म्हणून तो मठ पाहू नये असे नाही. छिन्नी धरणाऱ्या कारागिरांची भक्ती आणि कष्टही त्या दगडांत आहेत, आणि ते खरे आहेत. तो डोळे भरून पाहावा, पण तो कोणाच्या दुःखावर उभा आहे हेही विसरू नये. १२ मार्च २००० रोजी पोप दुसरे जॉन पॉल यांनी ख्रिस्तसभेच्या लेकरांनी केलेल्या पापांबद्दल देवाकडे जाहीर क्षमा मागितली. त्याने श्रद्धा उणी झाली नाही, उलट अधिक प्रामाणिक झाली.

बंधुभगिनींनो, राजाला प्रश्न विचारणे सोपे आहे, तो आता उत्तर द्यायला येणार नाही. आपले काय? चर्चच्या दुरुस्तीला, सणाला, ग्रोटोला आपण उदार हाताने देतो. देणगीदारांच्या फलकावर नाव लागले की समाधानही वाटते. पण त्याच महिन्यात घरी राबणाऱ्या बाईचा पगार थकलेला असेल, मजुराला ठरल्यापेक्षा कमी दिले असेल, जमिनीच्या व्यवहारात बहिणीची सही गोड बोलून घेतली असेल, तर त्या देणगीतला काही भाग आपला नाहीच. तो आधी ज्याचा त्याला देऊ या. मग पाकिटात दहा रुपये उरले तरी चालतील, ते खरोखर आपले असतील.

पुढच्या रविवारी अर्पणविधीच्या वेळी हात पुढे करताना क्षणभर थांबून हाच प्रश्न स्वतःला विचारू या : हे कोणाचे आहे?