बांध कोणाचा?

नरसी नामदेव हे संत नामदेवांचे जन्मगाव, अशी परंपरा आहे. झाडाची साल सोलल्यावर त्याला किती वेदना होते हे जाणण्यासाठी नामदेवांनी स्वतःच्या पायाची कातडी सोलून पाहिली, असे सांगतात. हळद-सोयाबीनच्या या मुलखात आज झाडाला, पाखराला आणि सशाला आसरा उरतो तो मुख्यतः बांधावर. तोच बांध दरसाल नांगराने कोरला जातो. वीतभर जमिनीपायी सख्खे भाऊ कोर्टाची पायरी चढतात. ज्याच्या नावे सातबारा, त्याचीच का बांधावरची सारी जीवसृष्टी?

पवित्र शास्त्राचे उत्तर निराळे आहे. निर्गमाच्या ग्रंथानुसार सातव्या वर्षी शेत पडीक ठेवावयाचे. आपोआप उगवेल ते गरिबांनी खावे आणि त्यांच्यामागे उरेल ते रानपशूंनी. लेवी वंशजांच्या नगरांभोवती हजार हात गायरान राखलेले असे व ते विकण्यास मनाई होती. खाजगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, ही पोप दुसरे जॉन पॉल यांची १९७९ ची शिकवण पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पुन्हा मांडली.

परंतु उपदेश करणे सोपे असते. रोही आणि रानडुकरे पिकात शिरतात, तेव्हा रात्रभर जागलीला बसतो तो दोन एकरांचा धनी. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाभोवती २०१० साली बफर क्षेत्र जाहीर झाले. त्यात गावे आहेत, शेतेही आहेत. तेथील वाघ वनखात्याच्या पहाऱ्याइतकाच गावकऱ्यांच्या सोशिकतेवर जगतो. रानाचा लाभ सर्वांनी घ्यावा आणि नुकसान एकट्या गरिबाने सोसावे, याला न्याय म्हणता येणार नाही.

वन्यजीव संरक्षण कायद्यातील २००२ च्या दुरुस्तीने खाजगी जमीनही ‘समुदाय राखीव क्षेत्र’ होऊ शकते. मात्र मालकाने स्वेच्छेने पुढे यावे लागते. ही स्वेच्छा कायद्याला निर्माण करता येत नाही. ती कुटुंबात आणि धर्मग्रामात घडवावी लागते.

म्हणून आम्हांस वाटते, ज्याच्याकडे अधिक जमीन आहे त्याने अधिक रुंद बांध सोडावा. ज्याच्याकडे थोडी आहे, त्याचे पीक जनावरांनी खाल्ले तर भरपाईचा अर्ज भरून देण्यास आपल्यापैकी कोणीतरी जावे आणि ती हाती येईपर्यंत त्याच्या घरचे धान्य सरू देऊ नये. शेत नसलेल्या कुटुंबांनाही या कर्तव्यात वाटा आहे. या पेरणीपूर्वी आपण निदान एवढे ठरवू या की, बांधाला नांगर लावावयाचा नाही.