खेळाडूची निष्ठा

इ. स. २०१० च्या जुलै महिन्यांत अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरांत लोकांनीं रस्त्यावर येऊन एका खेळाडूच्या नांवाच्या जर्सी जाळल्या. लेब्रॉन जेम्स हा जवळच्याच अॅक्रनचा. २००३ सालीं तो क्लीव्हलँडच्या बास्केटबॉल संघांत आला, आणि सात हंगामांनंतर, दूरचित्रवाणीवर सर्वांदेखत जाहीर करून, मायामीस निघून गेला. करार संपलेला होता. कायद्यानें कोणाचें देणें राहिलें नव्हतें. तरी गांवानें त्यास कृतघ्न ठरविलें. हा शब्द योग्य होता काय?

लहान शहर अगदींच असहाय असतें असें नाहीं. नव्या खेळाडूंच्या निवडींत दुबळ्या संघांस झुकतें माप मिळतें, आणि आपल्या खेळाडूस जुना संघ परक्यापेक्षां अधिक रक्कम देऊं शकतो. मिल्वॉकीच्या यानिस अॅन्टेटोकुम्पोनें २०२० सालीं पांच वर्षांसाठीं सुमारें २२ कोटि ८० लक्ष डॉलरांचा करार केला, आणि पुढल्याच वर्षीं त्या शहरास ५० वर्षांनीं अजिंक्यपद लाभलें. पण त्याच मिल्वॉकीहून १९७५ सालीं करीम अब्दुल-जब्बार स्वतः मागणी करून लॉस एंजेलिसला गेला होता. समुद्र, सोबती, विजयाची आशा यांची किंमत रकमेंत मांडतां येत नाहीं.

खरा पेच ओक्लाहोमा सिटीच्या उदाहरणांत आहे. २०१६ सालीं केव्हिन डुरंट तेथून गोल्डन स्टेट संघास मिळाला. त्याच संघानें त्याच वर्षीं ओक्लाहोमास हरविलें होतें. गांवाचा संताप समजूं शकतो. परंतु तो संघ मूळचा सिॲटलचा! तेथें तो ४१ वर्षें नांदला, आणि २००८ सालीं मालकांनीं तो उचलून ओक्लाहोमास नेला. डुरंट त्या सामानाबरोबरच आला. सिॲटल त्यानें निवडलें नव्हतें, ओक्लाहोमाही नव्हतें. २०१० सालीं तेथेंच राहण्याचा करार त्यानें आपखुशीनें केला, हें खरें. पण एकदां राहिलेल्यानें नेहमीं राहावें, हा कोठला न्याय? मालकानें संघ नेला तर तो व्यवहार, आणि खेळाडू गेला तर द्रोह, हें माप मला मान्य नाहीं.

तरीही प्रेक्षकाची वेदना खोटी म्हणवत नाहीं. मालकापाशीं मालकी असते, खेळाडूपाशीं करार. प्रेक्षकापाशीं कागदाचा कपटाही नसतो. त्यानें दिलेलें प्रेम कोणीं मागितलें नव्हतें, म्हणून तें परत मागण्याचा अधिकारही त्यास नाहीं. पण मागितलें नव्हतें म्हणून खेळाडूस तें मिळालेंच नाहीं, असें थोडेंच होतें? राहणें हें ऋण नव्हे. आठवण ठेवणें हें मात्र आहे, असें मला वाटतें. कोंकणांतून मुंबईस गेलेल्या मुलास गांव नांवें ठेवीत नाहीं. गणपतीला आला कीं नाहीं, एवढें मात्र पाहतें.

लेब्रॉन २०१४ सालीं परतला. २०१६ सालीं अंतिम मालिकेंत ३-१ असा मागें पडलेला संघ त्यानें विजयी केला, आणि ५२ वर्षांनीं क्लीव्हलँडच्या कोणत्याही मोठ्या व्यावसायिक संघास अजिंक्यपद मिळालें. २०१८ सालीं तो पुन्हां गेला, या वेळीं लॉस एंजेलिसला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत तो प्रतिपक्षाकडून खेळावयास क्लीव्हलँडांत आला, तेव्हां प्रेक्षक त्याच्या स्वागतासाठीं उभे राहिले.