धरायचं आणि सोडायचं

मे महिन्यात आम्ही शेततळं उपसतो. परतवाडा-अंजनगाव रस्त्यापासून जरा आत आमची संत्र्याची बाग आहे, दोन खोल्या आहेत आणि तीस बाय तीस मीटरचं तळं. 2016 साली 'मागेल त्याला शेततळे' योजना आली, तेव्हा बाबांनी ते बागेच्या पाण्यासाठी खोदलं. पुढे फळगळीने दोन बहार हातचे गेले, मी अमरावतीची नोकरी सोडून घरी आले, आणि चिखलदऱ्याला जाणारे पाहुणे एक रात्र आपल्याकडे थांबले तर काय बिघडलं, असा विचार करून बँकेचं कर्ज काढलं. चुलीवरचं जेवण, बागेत फेरफटका आणि तळ्यावर गळ टाकून मासे धरणं. दिवाळी ते होळी हा आमचा हंगाम.

मासे धरण्याची एक अट होती. धरलेला मासा परत पाण्यात सोडायचा. आमच्या इन्स्टाग्राम पानावर तसं मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: 'इथे मासा मारला जात नाही.' आई माळकरी. तिने या अटीवरच होकार दिला होता. शाकाहारी पाहुण्यांनाही ते आवडायचं. फोटो निघायचा, मासा 'टप्' करून पाण्यात जायचा, टाळ्या वाजायच्या. मलाही बरं वाटायचं.

यंदा तळं उपसताना पाणी गुडघ्याच्या खाली आलं. जाळं ओढायला काका आले होते. ते भोई समाजातले, शहानूर धरणाच्या पाण्यावर त्यांचा जन्म गेला. त्यांनी एक रोहू उचलला, तोंड उघडून पाहिलं आणि मला हाक मारली. "काहून वं पोरी, याच्या तोंडाले काय झालं?"

ओठाची एक कड फाटून भरून आली होती, तिच्या शेजारी दुसरी. मी पुढचा मासा पाहिला. मग त्याच्या पुढचा. सगळेच तसे नव्हते, पण बरेच होते. आठशे-हजार मासे आणि चार महिने रोजचे पाहुणे. कणकेची गोळी पाण्यात पडली की भुकेला मासा येणारच. एकेका माशाने किती फोटो दिले असतील, कोण जाणे.

"खायाचं नसन तं धरता कायले?" काका म्हणाले. "अन् धरलं तं सोडता कायले?"

मला उत्तर देता आलं नाही. संध्याकाळी तेच मासे टेम्पोत भरून परतवाड्याच्या बाजारात गेले. दर वर्षी जातात. तळं उन्हाळ्यात आटतं, मासे ठेवणार कुठे? म्हणजे 'इथे मासा मारला जात नाही' हे वाक्य होळीपर्यंतच खरं होतं.

हा प्रश्न एकट्या आमच्या तळ्याचा नाही. 2003 साली लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउट माशांवर प्रयोग केले. माशाच्या डोक्यात आणि तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू आहेत, हे त्यांनी दाखवलं. ओठाला आम्ल टोचलं तर मासे खाणं टाळत आणि ओठ तळाच्या खड्यांवर घासत. याला 'वेदना' म्हणायचं की नाही, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. पण कायदे वाद मिटायची वाट पाहत नाहीत. इंग्लंडमध्ये हौशी गळवाले तळ्यातला मासा जपून परत सोडतात, आणि तीच सभ्यता मानली जाते. स्वित्झर्लंडमध्ये सोडण्याच्याच इराद्याने मासा धरायला बंदी आहे. जर्मनीतही प्राण्याला रास्त कारणाशिवाय त्रास देता येत नाही. खाण्यासाठी धरणं हे कारण आहे, गंमत हे नाही. एका देशाची दया ती दुसऱ्या देशाचा गुन्हा. आमचे काका कुठल्याही परदेशात न जाता स्विस निघाले.

पण मी स्वतःशी वाद घातला. फाटक्या ओठाचा मासा निदान जिवंत तर असतो. मरणापेक्षा जखम बरी, हे कोण नाकारेल? हा मुद्दा खरा आहे, पण सोडणाऱ्याने ती जखम वाचवण्यासाठी केली असेल तरच. मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे, महानुभावांचं. लीळाचरित्रात सशाची गोष्ट आहे. शिकाऱ्यांपुढे पळणारा ससा चक्रधरांच्या मांडीखाली येऊन लपतो. ते त्याला शिकाऱ्यांच्या हाती देत नाहीत, आणि मग मोकळा सोडतात. लहानपणी ऐकलेली ही गोष्ट मला त्या रात्री वेगळी ऐकू आली. तिथे सोडणाऱ्याने धरलेलं नव्हतं. म्हणून ते अभय. आधी आपणच गळ टाकायचा, मग आपणच सोडायचं आणि त्याला दया म्हणायचं, यात वाचतं कोण? मासा नाही. वाचतं ते आपल्या मनाचं समाधान.

आणखी एक गोष्ट आहे. रोहू, कटला, मृगळ हे वाहत्या नदीत पावसाळ्यात विणणारे मासे. साचलेल्या तळ्यात ते वीत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी ओडिशात अंगुल इथे हिरालाल चौधरी यांनी संप्रेरक टोचून त्यांचं प्रजनन घडवलं, म्हणून आज बोटुकली पिशवीत भरून विकत मिळते. आमच्या तळ्यातला एकेक मासा आम्ही मोजून आणलेला आहे. तो तिथे आहे तो आमच्यामुळे. मग त्याच्या वाट्याला काय येतं याचा हिशेबही आमच्याकडेच लागतो.

घरात दोन रात्री वाद झाला. आई म्हणाली, "तो गळ बंद करून टाक." बाबा म्हणाले, "अन् हप्ता कोण भरन?" दोघांचंही बरोबर होतं, हीच अडचण.

शेवटी मी मधला रस्ता काढला. तो निर्मळ आहे असा माझा दावा नाही. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकायचा. एका कुटुंबाला एकच मासा. तो धरला की काका तो जागेवरच झटकन मारतील, पाहुण्यांसमोर साफ करतील, आणि रात्री तोच ताटात येईल. जे खात नाहीत त्यांनी गळ धरायचा नाही. काठावर बसावं, खंड्या बघावा. गळाला चुकून लहान मासा आला तर तेवढाच सोडायचा.

आईने ऐकून घेतलं. म्हणाली, म्हणजे आता माझ्या दारात मारणार. मी म्हटलं, आधीही मारतच होतो, टेम्पोत चढवून. ती काही बोलली नाही. माशाची चूल मात्र तिने घरापासून लांब, बांधावर मांडायला लावली.

तळ सुकल्यावर चुना मारला, शेणखत टाकलं, पहिल्या दोन मोठ्या पावसांत तळं भरलं, जुलैअखेर बोटुकली सोडली. बोटभर लांबीचे जीव पिशवीतून निघाले आणि क्षणात दिसेनासे झाले. दिवाळीसाठी नवीन नियम पानावर टाकल्यावर दोन बुकिंग रद्द झाली. एका ताईंनी लिहिलं, 'मुलांसमोर मारणं योग्य वाटत नाही.' मी त्यांना फाटक्या ओठांबद्दल लिहायला घेतलं, मग पुसून टाकलं. मुलांनी काय पाहावं आणि काय पाहू नये, हे मलाही नीट ठरवता आलेलं नाही.

जुना फलक काढून ठेवलाय. नव्यावर काय लिहायचं, ते अजून ठरत नाही. काका म्हणतात, फक्त 'मासे' लिही.